खालची वाटी

आमच्या घरातली आमटी कधीपासून घट्ट व्हायला लागली, ते मला नक्की सांगता येणार नाही. आई नगरकडची, तिच्या हातची आमटी पातळ, झणझणीत, वर लाल तवंग आणि भाकरी कुस्करली की ताट भरून वाहणारी. ती हळूहळू घट्ट होत होत पिठल्याच्या वळणावर गेली, मग एक दिवस बंदच झाली. ताटात कोरडी भाजी, ठेचा, मेथीचा गोळा, घट्ट पिठलं असंच काही दिसायला लागलं. ताक पेल्यातून न येता तांब्यातून यायला लागलं. चहा अर्धाच कप, तोही अण्णा एकटे असताना. मला वाटायचं, आईला आता पातळ करायचा कंटाळा येतो. माझी थोरली बहीण चाकणला दिली होती. ती माहेरपणाला आली की म्हणायची, "काय गं आई, सगळं कोरडंच?" आणि आई म्हणायची, "अगं, पोटभरीचं होतं." आईने कुणालाही, अगदी मलासुद्धा, काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त स्वयंपाक बदलला होता. अण्णांचा उजवा हात थरथरत होता आणि पातळ काही खाल्लं तर ते सांडत होतं, एवढं तिला कळलं होतं. ते झाकायचं कसं, तेही तिने अण्णांना न विचारता ठरवून टाकलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. लढाईच्या काळात ते देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर होते. लढाई संपली, माणसं कमी केली, तेव्हा गावी न जाता त्यांनी चिंचवड स्टेशनजवळ रस्त्याकाठी दोन खोल्या घेतल्या आणि पुढे पत्रा टाकून सायकलचं दुकान काढलं. दुकान म्हणजे काय, एक लाकडी फळी, तिच्यावर पाने आणि पक्कड, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, खांबाला बांधलेला पंप आणि आढ्याला टांगलेल्या जुन्या धावा, म्हणजे चाकांच्या लोखंडी कड्या. पिंपरीला तेव्हा कारखाना नुकता उभा राहिला होता. सकाळी भोंगा व्हायच्या आधी आकुर्डी, निगडी, रावेतकडून सायकलींचा लोंढा आमच्या दारावरून जायचा. घंट्या, साखळ्यांचा चरचराट, मडगार्डांचा खडखडाट. अण्णा दात घासत ओट्यावर उभे राहून तो लोंढा ऐकायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. "त्या तिसऱ्याची साखळी कोरडी आहे," म्हणायचे. "हा मागून येतोय ना, त्याचं हँडल ढिलं आहे, संध्याकाळी येईल बघ." आणि तो यायचा. आज त्या रस्त्यावर मेट्रोचे खांब आहेत आणि पलीकडे जायला मला नातवाचा हात धरावा लागतो. पण पहाटे कधी जाग आली तर मला गाड्यांच्या आवाजाखाली त्या घंट्याच ऐकू येतात.

मी सातवीनंतर शाळा सोडली होती. घरकाम आटोपलं की दुकानात बसायची. मुलगी म्हणून मला गिऱ्हाइकासमोर हत्यार हातात घ्यायची परवानगी नव्हती, पण दुपारी रस्ता ओस पडला की अण्णा शिकवायचे. हँडलचं काम त्यांच्या आवडीचं. "पंक्चर काय, कुणीही काढतं," ते म्हणायचे. "हँडल बसवणाऱ्यावर माणसाचा जीव असतो." पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं त्याला आम्ही चिमटा म्हणतो. त्या चिमट्याची दांडी सायकलच्या पुढच्या नळीतून वर जाते आणि तिला हँडल लागतं. नळीच्या वर एक वाटी, खाली एक वाटी, दोन्हींत छर्रे, म्हणजे पोलादाच्या बारीक गोळ्या. त्या छर्‍यांवर सगळं फिरतं. ढिलं झालंय का ते कळायला पुढचा ब्रेक दाबून धरायचा, नळीच्या सांध्यावर बोट ठेवायचं आणि सायकल मागेपुढे हलवायची. बोटाला टक् टक् लागलं की समजावं. मग सगळं खोलायचं, वाट्या घासलेटने धुवायच्या, ग्रीसचा थर द्यायचा आणि त्यात छर्रे एकाला एक लावत वाटी भरायची. खालची वाटी उपडी असते, तिच्यासाठी सायकलच उलटी करावी लागते. शेवटी वरून कोन, म्हणजे वाटीवर बसणारी आट्यांची टोपी, फिरवायचा, तोही आधी नुसत्या बोटांनी. जास्त आवळला तर हँडल चावतं, कमी आवळला तर पुन्हा खडखडतं. त्याच्यावर नट, आणि नट आवळताना कोन हलू द्यायचा नाही. अण्णा हे डोळे मिटून करायचे. "छर्रा बसला की बोटाला कळतं," म्हणायचे. "डोळ्यांचं इथे काम नाही."

बबन आकुर्डीचा. त्यांची तिथे पिढ्यान् पिढ्यांची शेती, पण घरातला कारखान्यात लागलेला तो पहिलाच. अजून कच्चा होता, म्हणजे कायम झाला नव्हता. उंच, हसरा, सायकलवर बसला तरी वाटायचं पायीच चाललाय. त्याची बायको हिरा आठवड्याच्या बाजाराला यायची तेव्हा आमच्या ओट्यावर टोपली उतरवून आईशी घटकाभर बोलायची. हरभऱ्याच्या दिवसांत भाजून हुळा करायला ओल्या हरभऱ्याचे डहाळे ठेवून जायची. एका संध्याकाळी बबन हँडल खडखडतंय म्हणून सायकल घेऊन आला. मी आत भाकऱ्या थापत होते. अण्णांनी त्याच्याशी गप्पा मारत काम केलं, तो बसून होता, दिवेलागणीला घेऊन गेला. त्यात वेगळं असं काही नव्हतं, म्हणून मला त्या संध्याकाळचं आणखी काही आठवत नाही.

काही आठवड्यांनी सकाळच्या लोंढ्यात ओरडा झाला. स्टेशनापुढच्या उतारावर रस्त्याच्या कामासाठी खडीचे ढीग टाकले होते. समोरून मालट्रक आला, बबनने सायकल बाजूला घ्यायला हँडल वळवलं, पण ते वळलंच नाही. तो सरळ खडीत गेला आणि वरून सायकल त्याच्या पायावर. नडगीचं हाड बाहेर आलं होतं म्हणे. मी पाहिलं नाही, आईने मला आत ओढलं. त्याला ट्रकमध्ये घालून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर अपघात म्हणून लोक विसरले असते. पण त्याच्या मागून येणाऱ्या दोघाचौघांनी सांगितलं की, तो उतारावर येतानाच डुलत होता, सायकल एकदा इकडे, एकदा तिकडे. तेव्हा दारूबंदी होती. दारू पिणं म्हणजे नुसती बदनामी नव्हे, गुन्हा. हवालदाराने विचारपूस केली, त्याला काही सापडलं नाही. पण तोंडातून निघालेला शब्द आकुर्डीपासून पिंपरीपर्यंत गेला. सकाळच्या पाळीला पिऊन निघालेला माणूस कारखान्यात यंत्रापाशी कसा उभा करायचा, असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि चौकशी लागली. बबन तर कच्चाच होता, त्याला काढायला कितीसा वेळ लागणार?

हिरा आमच्याकडे आली ती भर दुपारी, टोपली न घेता. बबन प्लॅस्टर घालून घरी आला होता. ती ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"मिस्तरी," ती म्हणाली, "येक सांगा. तुमी ह्यांच्या सायकलीचं हँडल बघितलं व्हतं. त्ये खराबच व्हतं, आसं कारखान्यात येऊन बोलाल का? म्हंजी सायकल डुलत व्हती, माणूस न्हाई, ह्ये तरी त्यांना कळंल."

अण्णा धाव सरळ करत होते. मान वर न करता म्हणाले, "खराब होतं ते मी नीट केलं, हिरा. माझ्या हातून गेलेली सायकल अशी डुलत नाही."

"मग काय माझा नवरा पिऊन व्हता?"

"तसं मी कुठे म्हणतोय?"

"तुमी काय म्हणताय त्येच मला कळंना." ती ओट्याच्या आणखी जवळ आली. "तुमी कदी त्यांना पेलेलं बघितलं? वैनी, तुमी सांगा, कदी बघितलं?"

आई दारात होती. ती म्हणाली, "नाही गं बाई." आणि पदराचं टोक पिळत राहिली. हिरा पाठ फिरवून गेली. अण्णांनी उजवा हात मांडीखाली घातला. अलीकडे ते बसले की असेच बसायचे. मला ती लकब वाटायची.

दुसऱ्या दिवशी बबनचा भाऊ बैलगाडीतून ती सायकल आणून टाकून गेला. घरात नजरेसमोर नको म्हणाला, जमली तर दुरुस्त करा, न्हाईतर मोडीत घाला. पुढची धाव दुमडली होती, हँडल तिरपं. ती सायकल कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली. अण्णा इतर सगळी कामं करत, पण तिच्याकडे जात नसत. तिच्यामागे ठेवलेला हातोडा लागला तरी ते मला आणायला सांगत. एरवी मोडकी सायकल समोर आली की त्यांचा हात लगेच तिच्याकडे जायचा. हे मला सहन होईना. हिराचं "तुमी काय म्हणताय त्येच मला कळंना" माझ्या कानातून जात नव्हतं, कारण तेच मलाही कळत नव्हतं.

अण्णा पुण्याला सामान आणायला गेले होते त्या दुपारी मी ती सायकल कोपऱ्यातून ओढली. आई म्हणाली, "राहू दे शकू, ते आल्यावर बघतील." मी म्हटलं, "ते बघत नाहीत म्हणूनच." हँडलचा मधला बोल्ट सैल केला, वरून हातोडीने ठोकला, हँडल निघालं. नट निघाला, कोन निघाला. वरची वाटी पाहिली. ती गच्च भरलेली, ग्रीस अजून पिवळं होतं. अण्णांचंच काम. मला इतकं हायसं वाटलं की मी आईकडे बघून हसले. मग सायकल उलटी केली आणि चिमटा उपसला.

खालच्या वाटीत निम्म्याहून जास्त जागा रिकामी होती. जे थोडे छर्रे होते ते एका बाजूला गोळा होऊन एकमेकांवर चढले होते, काही फुटले होते, आणि वाटीच्या कडेला त्यांनी खळगे पाडले होते. असं झालं की हँडल आधी डुलतं आणि मग एखाद्या वेळी वळवताना अडकून बसतं. त्यासाठी कुणी दारू प्यायलेलं असावं लागत नाही. छर्रे अपघातात सांडले असते तर ग्रीसमध्ये त्यांच्या जागा तरी राहिल्या असत्या. इथे नुसतं गुळगुळीत ग्रीस होतं. त्या जागी छर्रे कधी नव्हतेच.

आई जवळ आली, वाकून बघितलं. तिला छर्‍यांतलं काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून कळलं. ती खाली बसली. "त्यांना काही बोलू नकोस," म्हणाली. आणि मग, मी काही न विचारताच, तिने मला सगळं सांगितलं. आमटीचं, ताकाचं, सदऱ्याची बटणं ती लावते त्याचं, शेतकी औजारांचं नवं काम आलं होतं ते त्यांनी का नाकारलं त्याचं. वैद्याकडे चला म्हटलं की अण्णा म्हणायचे, "थंडीने होतं." उन्हाळ्यातही थंडीनेच होत होतं. मी ऐकत होते आणि माझ्या हातातलं ग्रीस मी लुगड्याला पुसत होते, ते लुगडं मग कामाचंच राहिलं नाही.

आता त्या दुखण्याला नाव आहे, औषधं आहेत. माझा नातू डॉक्टर आहे, तो मला सविस्तर समजावून सांगतो. तेव्हाही वैद्य त्याला कंपवात म्हणायचे, पण अण्णांना ते नाव ऐकायचंच नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप उचलताना मी अजून क्षणभर माझ्या हाताकडे बघते. इतक्या वर्षांनीही ती सवय गेलेली नाही.

अण्णा आले तेव्हा सायकल तशीच उलटी होती. आईने झाकायला सांगितलं होतं, मी झाकली नव्हती. त्यांनी सामानाची पिशवी खाली ठेवली, वाटीपाशी उकिडवे बसले, डाव्या हाताचं बोट वाटीतून फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"वरची?" त्यांनी विचारलं.

"वरची भरलेली आहे."

"हं." मग म्हणाले, "खालचे लावताना काही पडले होते. मला वाटलं, दोनतीन. बबन समोर बसला होता, त्याच्यापुढे जमिनीवर चाचपडायचं जिवावर आलं. बोट फिरवून बघितलं. बोटाने सांगितलं, भरली." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच तो तसाच राहू दिला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जशी काही त्यांच्यात सतत एखादी गोळी वळली जात होती. "आता ह्याला काही कळत नाही, शकू."

आई मधे पडली. "झालं ते झालं. बबनचा पाय त्याने काही बरा होणार नाही. तुम्ही बोललात तर उद्या एक सायकल ह्या दारात उभी राहणार नाही. आणि तळेगावची माणसं परवा शकूला बघून गेलीत. मुलीच्या बापाला असलं दुखणं आहे हे त्यांना कळलं तर?"

"आणि बबनला काढला तर?" मी विचारलं.

"त्यांची शेती आहे. आपल्याला काय आहे?" आई रडायला लागली. आई वाईट बाई नव्हती. हिराने ठेवलेले डहाळे तिनेच तर भाजून आम्हाला खायला घातले होते. पण तिच्या पदरात जे होतं ते तिने घट्ट धरलं होतं. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणाले, "अण्णा, लोक त्याला दारूडा म्हणतात." अण्णा म्हणाले, "मलाही म्हणतात, हात बघून. मागून म्हणतात, पण ऐकू येतं." आणि ते पाय धुवायला गेले. त्या रात्री घरात कुणी जेवलं, कुणी नाही.

सकाळी त्यांनी कोट घातला. मला म्हणाले, "चिमटा आणि वाटी फडक्यात बांध. तू चल, मला धरता येणार नाही." आई चुलीपुढून उठली नाही. पण आम्ही ओट्यावरून उतरत होतो तेव्हा ती बाहेर आली आणि अण्णांच्या कोटाचं राहिलेलं बटण लावून गेली.

कारखान्याच्या दारातून आत जायलाच खूप वेळ गेला. कामगारांचं बघणारा अधिकारी तरुण होता, चष्मा लावलेला, सभ्य. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलापुढे खुर्चीवर बसले, आणि मांडीवर ग्रीसचं गाठोडं. अण्णांनी सगळं सांगितलं, न अडखळता. उजवा हात कोटाच्या खिशात होता. मी फडकं सोडून वाटी दाखवली.

अधिकारी नीट ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मिस्तरी, राग मानू नका. तुम्ही आणि तो शेजारगावचे. त्याच्या घरची माणसं तुमच्याकडे आली असणार. हे छर्रे तुम्ही काल काढून टाकले नसतील, हे मी वर कसं पटवून देऊ? इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस अर्धी वाटी रिकामी ठेवून सायकल देतो, हे मलाच पटत नाही."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता उठावं लागणार, आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही आलो होतो, सांगितलं होतं, त्यांना पटलं नाही. तळेगावची माणसंही राहिली, दुकानही राहिलं.

अण्णांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला.

टेबलावर पाण्याचा पेला होता, वर पितळी झाकण. ते वाजायला लागलं. बारीक आवाज, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता. अधिकारी आधी पेल्याकडे बघत राहिला, मग हाताकडे. अण्णांनी तो काढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने दाबलाही नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते भिंतीकडे बघत होते. घरात माझ्यापुढेसुद्धा ज्यांनी कालपर्यंत हा हात लपवला, ते एका परक्या माणसाच्या टेबलावर तो उघडा ठेवून बसले होते.

"कधीपासून?" अधिकाऱ्याने विचारलं.

"झाली दोनतीन वर्षं."

"तुम्ही..." तो थांबला.

"थेंब नाही साहेब. जन्मात नाही. त्यानेही नाही."

अधिकाऱ्याने झाकण पेल्यावरून काढून बाजूला ठेवलं. आवाज थांबला. मग त्याने कागद ओढला आणि अण्णांनी सांगितलेलं पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागला. या वेळी तो ते लिहून घेत होता.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. बबनला काढलं नाही. पाय थोडा आखूड राहिला म्हणून त्याला बसून करायचं काम दिलं आणि काही काळाने तो कायम झाला. आईचे शब्दही खरे ठरले. तळेगावहून निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. दुकानासमोरून लोंढा जायचा, तसाच, पण वळायचा नाही. ज्यांना अण्णांनी पंपाने फुकट हवा भरू दिली होती ते पुढच्या चौकात पंप शोधायचे. मी हळूहळू कामं करायला लागले. आधी फक्त ओळखीच्या बायकांच्या घरच्या सायकली, मग सिंध्यांच्या वसाहतीतून काही येऊ लागल्या. त्यांना आमच्या गावगप्पांशी देणंघेणं नव्हतं. अण्णा शेजारी बसून सांगायचे. हँडलचं काम असलं की मी वाटी भरून त्यांच्यापुढे धरायची आणि ते डोळ्यांनी बघायचे, अगदी जवळ नेऊन बघायचे. माझं लग्न उशिरा झालं, चांगलं झालं. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते, शेवटी शेवटी त्यांना सगळंच भरवावं लागायचं. आईने ते केलं, आणि त्या दिवसाबद्दल तिने त्यांना एकदाही बोल लावला नाही, की बरं केलंत असंही कधी म्हणाली नाही.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. कारखान्यातून निघाल्यावर मला वाटलं, आता घरी. अण्णा आकुर्डीकडे वळले. "साहेबाला सांगितलं," म्हणाले, "ज्याचा पाय मोडला त्याला अजून सांगितलेलं नाही." ऊन कलायला लागलं होतं.

बबन पडवीत बाजेवर होता, पाय उशीवर. हिरा अंगणात ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही. अण्णा बाजेपाशी उभे राहिले आणि त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, ह्या वेळी अडखळत. हात बाहेर होता. बबन ऐकत होता. त्याचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"मला वाटलं, माझंच काय चुकलं," तो म्हणाला. "इतकं दिस मी पडून पडून ह्योच इचार करतोय. का वळलं न्हाई हँडल? मी वळवलं तर व्हतं." आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

हिराने तेव्हा सूप ठेवलं. ती आली आणि जे बोलायला लागली ते मी सगळं लिहीत नाही. त्या दिवशी मी तुमच्या दारात उभी राहिले, भिकाऱ्यासारखी, तेव्हा तुमाला तोंड नव्हतं का, ती म्हणाली. माझ्या सासूने तेव्हापासून ह्यांच्या हातचं पाणी घेतलं न्हाई, पेलेला म्हणून. हात धड न्हाई तर दुकान कशाला मांडून बसलात? आज माझा नवरा बाजेवर आहे, तो उद्या तिरडीवर असता. अण्णा मान खाली घालून उभे होते. मला वाटत होतं जमीन फाटावी. आतून बबनची आई बाहेर आली आणि काय चाललंय म्हणून विचारायला लागली, तेव्हा हिराने तिलाही दोन शब्द सुनावले, की ऐका आता, तुमचा ल्योक पेत न्हाई ते ऐका.

बोलता बोलताच तिने आत जाऊन चहा टाकला. दाराशी आलेल्या माणसाला चहा न देता कसं घालवायचं, एवढंच असेल. आम्ही पडवीच्या कडेला टेकलो. ती कपबश्या घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवली, एक अण्णांपुढे, आणि बोलत राहिली. अण्णांनी कप उचलला. चहा कोटावर सांडला, बशीत सांडला, त्यांनी कप पुन्हा खाली ठेवला. मी उठणार होते. माझ्याआधी हिरा त्यांच्यापुढे खाली बसली. तिने उरलेला चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी धरून त्यांच्या ओठांशी नेली, आणि तिचं बोलणं काही थांबलं नाही.

"वैदाला तरी दावलं का कदी? न्हाई दावलं ना? म्हाईत हाय मला. सगळं झाकायचं. घरात झाकायचं, दारात झाकायचं. कुणी खाल्लं असतं का तुमाला? प्या आता, गार व्हतोय."

अण्णा प्यायले.